शेळीचे केस गळतायत? आधी ती खाजवते का ते बघा

गेल्या पौषातली गोष्ट. सकाळी डेअरीला दूध घालून परत येत होतो, तर शेजारच्या आक्कांनी गोठ्यातूनच हाक मारली. "भाऊ, जरा बघा की हिच्याकडं. केसं गळत्यात सगळी. खरूज झालीया जणू."

शेळी उस्मानाबादी, तिसऱ्या वेताची. उस्मानाबादी म्हटली की काळीभोर, तुकतुकीत. ही मात्र बरगड्यांवर आणि मांड्यांवर तांबूस पडली होती, पत्र्याला गंज चढावा तशी. शेपटीच्या टोकाचे मधले केस गेलेले आणि दोन्ही बाजूंना दोन झुबके उरलेले, माशाच्या शेपटीसारखे. मी कातडीवरून हात फिरवला. खपली नाही, लाली नाही, पुरळ नाही.

"खाजवती का ओ?"

"न्हाय, खाजवत न्हाय. पण दुकानातनं विंजेक्शन आणून दोनदा दिलं की. काय फरक न्हाय."

फरक पडणारच नव्हता. ते इंजेक्शन होतं खरजेच्या किड्यांचं आणि या शेळीला किडा नव्हताच. तिचं पोट रोज भरत होतं, पण त्या चाऱ्यात तांबं कमी पडत होतं. त्याबद्दल पुढं सांगतो.

आपल्याकडं, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात माढा-मोहोळपासून सांगोला-मंगळवेढ्यापर्यंत कुठंही जा, शेळीचे केस गेले की एकच शब्द ऐकू येतो: खरूज. पण केस गळणं म्हणजे ताप येण्यासारखं आहे. ताप कशानंही येतो. म्हणून औषधाचा विचार करायच्या आधी मी दोन गोष्टी बघतो. शेळी खाजवते का? आणि केस नेमके कुठून गेलेत? निम्मं निदान एवढ्यातच होतं.

खाजवते की नाही हे बघायला गोठ्यात पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. खाज असलेली शेळी गव्हाणीच्या कडेला, खांबाला अंग घासते, मागच्या पायानं कान खाजवते, दातानं स्वतःचं अंग कुरतडते. तिच्या पाठीवर आपण नखानं खाजवलं तर ती मान ताणून ओठ हलवत राहते, काहीतरी चघळल्यासारखी. एकदा बघितलं की विसरत नाही.

खाजवत असेल तर

बहुतेक वेळा अंगावर कोणीतरी राहायला आलेलं असतं. त्यात सगळ्यात साध्या उवा, आणि त्या थंडीतच जास्त. भर उन्हात शेळी धरा, खांद्यामागचे आणि पाठीवरचे केस दोन्ही अंगठ्यांनी फाकवून बघा. केसांना चिकटलेल्या लिखा आणि हलणारे बारीक दाणे दिसतील. उवा दोन जातीच्या असतात आणि हा फरक माहीत नसल्यामुळं खूप पैसे वाया जातात. एक जात रक्त पिणारी, निळसर करडी, कातडीत तोंड खुपसून बसलेली. दुसरी चावणारी, पिवळट तपकिरी, केसांत पळणारी; ती रक्त पीत नाही, कोंडा आणि कातडीचा चुरा खाते. आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाचं इंजेक्शन रक्तातून काम करतं, म्हणून रक्त पिणारी ऊ त्यानं मरते. चावणारीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. तिच्यासाठी अंगावर मारायचं किंवा पाठीवर सोडायचं औषधच लागतं. मग माणूस म्हणतो, औषध डुप्लिकेट होतं!

लिखा औषधानं मरत नाहीत. त्या साधारण ९ ते १२ दिवसांत फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा हात मारावाच लागतो. शेळीच्या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत, तेवढं टेन्शन घेऊ नका.

गोचीड सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगतो की अंगावरचं गोचीड वेचून भागत नाही, कारण टम्म फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, दगडांच्या सांदीत हजारांनी अंडी घालते. भेगा लिंपा, चुना मारा. फ्लेमगन, म्हणजे जाळाचा झोत मारायचं यंत्र, वापरायची तर आधी कडबा लांब हलवा. हे सांगायची गरज वाटू नये, पण आहे.

आता खरी खरूज. हिच्यावर जरा थांबून लिहितो, कारण माझा स्वतःचा कान इथंच पिळला गेला.

चार वर्षांपूर्वी बकरी ईदच्या आधी तीन महिने मी बाजारातून एक बोकड आणला. अंगानं भरलेला, चाल चांगली. कानाच्या कडेला थोडा पांढरा कोंडा होता, मी म्हटलं धूळ असेल. घरी आणून थेट बाकीच्यांच्या दावणीला बांधला. पंधरा-वीस दिवसांत त्याच्या डोळ्यांभोवतीचे केस गेले, नाकावर खपल्या आल्या आणि शेजारच्या दोन पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, खांबाला अंग घासायला लागल्या. महिन्याभरात मानेची कातडी इतकी जाड झाली की घड्या पडल्या, हत्तीच्या कातड्यासारखी. माझ्या मनगटावर आणि पोटावर बारीक लाल पुरळ उठलं आणि रात्री झोप लागेना.

मी काय केलं? जे सगळे करतात तेच. गॅरेजमधून जळकं ऑईल आणलं आणि चोपडलं. दोन दिवस खाज थांबल्यासारखी वाटली, कारण तेलाच्या थराखाली किडे थोडे गुदमरतात. मग कातडी भाजल्यासारखी लाल झाली, बोकडानं अंग चाटलं, दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी आधी माझीच खरडपट्टी काढली. इंजिनात जळलेल्या तेलात धातूंचा चुरा आणि नको ती रसायनं असतात. ती कातडीतून आत जातात, चाटण्यातून पोटात जातात, आणि सडाला लागली तर करडाच्या तोंडात जातात.

मग त्यांनी बोकडाची खरडपट्टी काढली, खरीखुरी. बोथट पात्याला तेलाचा थेंब लावून, उघड्या पडलेल्या जागेच्या मधोमध न खरडता, जिथं निरोगी कातडी आणि खपली एकमेकांना भिडतात त्या कडेला खरडलं. रक्ताचा बारीक ठिपका दिसेपर्यंत. किडा वर नसतो, कातडीत बोगदा करून बसतो, म्हणून इतकं खोल जावं लागतं. दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी मलाही डोळा लावायला दिला. गोल, कासवासारखा जीव, आठ आखूड पाय, मंद वळवळणारा. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. नाव सार्कोप्टिस. याच बोगद्यात मादी अंडी घालते, ती तीन ते पाच दिवसांत फुटतात आणि अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात.

हे आकडे पाठ असले की उपचार आपोआप कळतो. आयव्हरमेक्टिन किड्याला मारतं, अंड्याला नाही. म्हणून पहिल्या इंजेक्शननंतर १० ते १४ दिवसांनी दुसरं, म्हणजे मधल्या काळात फुटलेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत सापडतात. जुनाट खरूज असेल तर तिसरंही. आपल्याकडं पहिल्या इंजेक्शननं खाज कमी झाली की दुसरं कोणी देत नाही, आणि दोन महिन्यांनी "परत उलटली" म्हणतात. ती उलटत नाही, ती गेलेलीच नसते.

१ टक्का औषधाचा नेहमीचा हिशोब ५० किलोला १ मिली, कातडीखाली. म्हणजे २५ किलोच्या शेळीला अर्धा मिली. वजन डोळ्यानं ठरवू नका, काट्यावर घ्या. शेळीचं शरीर काही औषधं गाई-म्हशीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळं डॉक्टर कधी मात्रा बदलतात. ते त्यांचं काम. आणि इंजेक्शननंतर दूध किती दिवस विकायचं नाही, बोकड किती दिवस कापायला द्यायचा नाही, हे त्याच वेळी विचारून घ्या. ईदच्या तोंडावर तर नक्कीच.

आणखी तीन गोष्टी, ज्या मला महाग पडून कळल्या. एक, फक्त केस गेलेल्या शेळीला औषध देऊन चालत नाही. त्या गोठ्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी द्यावं लागतं, कारण धडधाकट दिसणारीच्या कानात किडा दबा धरून असतो. दोन, जाड खपलीवर वरून मारलेलं औषध खाली पोचत नाही. आदल्या रात्री करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल लावून खपल्या मऊ करा, सकाळी साबणानं धुवा. हे तेल पूरक म्हणून चांगलंच, पण अंगभर पसरलेली खरूज नुसत्या करंज तेलानं गेलेली मी बघितलेली नाही. गंधक तेलात खलून लावायची जुनी पद्धत मात्र खोटी नाही, गंधक किड्याला खरंच मारतं. वेळ खूप लागतो आणि रोज लावावं लागतं एवढंच. तीन, माझं पुरळ. शेळीची खरूज माणसाला होते, पण तो किडा माणसाच्या अंगावर फार दिवस वंश वाढवत नाही. शेळ्या बऱ्या झाल्या तशी दोन-तीन आठवड्यांत माझी खाज गेली.

सगळी खरूज एका तऱ्हेची नसते. नुसत्या कानात पापुद्रे साचत असतील आणि शेळी डोकं झटकत असेल तर तो वेगळा किडा. फक्त खुरांच्या वर, पायाच्या खालच्या भागात खपल्या असतील तर आणखी वेगळा. आणि मानेवर, खांद्यावर, चेहऱ्यावर हरभऱ्याएवढ्या गाठी असतील, खाज नसेल, दाबल्यावर मेणासारखा पांढरा घट्ट पदार्थ येत असेल तर तो डेमोडेक्स. हा पिणाऱ्या करडाला आईच्या अंगावरून पहिल्या काही दिवसांतच लागतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहतो. त्याचा उपचार चिवट असतो.

अजून एक, आणि हे डाळिंबवाल्यांना खास. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा पट्ट्यात घराघरात फवारणीच्या उरलेल्या बाटल्या असतात. "कीटकनाशक ते कीटकनाशकच" म्हणून त्या शेळीवर मारणारे मी स्वतः बघितलेत. पिकावरची काही औषधं शेळीच्या कातडीतून थेट आत जातात. लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, श्वास अडकतो. असं दिसलं तर अंग धुऊन डॉक्टरांना त्याच मिनिटाला फोन करा, बाटली हातात ठेवून, म्हणजे नाव वाचून सांगता येईल. जनावरांसाठीचं गोचिडाचं औषध मारतानासुद्धा आधी पोटभर पाणी पाजा, म्हणजे अंगावरचं चाटणार नाहीत. दुपारच्या उन्हात मारू नका. जखम असेल, करडू लहान असेल तर विचारल्याशिवाय मारू नका.

खाज नाही, तरी केस जातात

इथं कातडी जरा नीट बघायची. गोल, राखाडी, पापुद्रे सुटलेला चट्टा, बहुतेक वेळा तोंडावर, कानावर, मानेवर: हा नायटा, म्हणजे बुरशी. महिन्या-दोन महिन्यांत, कधी चारांत, आपोआप बरा होतो, पण बुरशीचे कण गोठ्याच्या लाकडात वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि माणसाला लागतात. घरात लहान पोरं करडांशी खेळत असतील तर आधी त्यांचे हात बघा.

ओठांवर, तोंडाच्या कडांना फोड येऊन त्यावर फुलकोबीसारख्या खपल्या धरल्या तर तो मावा. विषाणूचा आजार, तीन-चार आठवड्यांत उतरतो, पण पिणाऱ्या करडांना तोवर जगवणं हेच काम असतं. खपल्या सोलू नका, हातमोज्याशिवाय हात लावू नका, माणसालाही बोटावर फोड येतो. आणि ताप १०४ च्या वर, नाकाडोळ्यातून पाणी, शेपटीखाली, मांडीत, कासेवर, जिथं केस नसतात तिथं कडक गाठी उठल्या तर ती देवी असू शकते. तिथं घरगुती काही करायचंच नाही. जनावर वेगळं बांधा आणि कळवा. देवीची लस मिळते.

आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरात पडतो. त्या दिवसांत पाठ सतत भिजलेली राहिली की पाठीवर केसांचे पुंजके एकत्र चिकटून रंगाच्या ब्रशसारखे उभे राहतात आणि ओढले तर मुळासकट खपली हातात येते. हा जंतूचा संसर्ग. कोरडी जागा आणि डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक, एवढ्यावर बरा होतो.

आता आक्कांच्या शेळीकडं येतो.

केसाला काळा रंग देणारं द्रव्य शरीरात तयार होताना जे विकर (एन्झाइम) लागतं, ते तांब्याशिवाय काम करत नाही. तांबं कमी पडलं की नवा येणारा केस फिका, राठ, ठिसूळ येतो. काळी शेळी तांबूस दिसते ती त्यामुळं, आणि शेपटीचा शेंडा त्याचीच खूण. उस्मानाबादी पाळणाऱ्याचं हे नशीब म्हणायचं, कारण पांढऱ्या शेळीत हे इतकं लवकर कळलंच नसतं. चाऱ्यात तांबं कमी असतं हे एक कारण. पण कधी चाऱ्यात पुरेसं असूनही ते अंगी लागत नाही: बोअरच्या पाण्यात लोह किंवा गंधकाचे क्षार जास्त असले तर ते पोटातच तांब्याला अडवतात. आक्कांच्या बोअरचं पाणी हंड्याला पिवळे डाग पाडतं, हे मला त्या दिवशी तिथंच दिसलं.

जस्ताचंही तसंच. जस्त कमी पडलं की डोळ्यांभोवती, गुडघ्यांवर, खुरांच्या वर जाड कोरड्या खपल्या येतात, केस जातात, खाज नसते किंवा अगदी थोडी असते. खरजेची हुबेहूब नक्कल. आपली चुनखडीची जमीन जस्त पिकाला नीट देत नाही, म्हणून तर आपण उसाला, डाळिंबाला झिंक सल्फेट टाकतो. पानं पिवळी पडली की पिकाला आठवणीनं देतो. त्याच रानातला कडबा खाणाऱ्या शेळीचं मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात कोणी नुसत्या लसूणघासावर शेळ्या पोसत असेल तर त्यातला भरपूर चुना जस्ताला आणखी अडवतो.

उपाय खर्चिक नाही. शेळीचं खनिज मिश्रण, मोठ्या शेळीला दिवसाला साधारण १० ग्रॅम, भरड्यात कालवून; शिवाय चाटायची वीट टांगलेली. पण मेंढ्या सोबत असतील तर सावध. मेंढीला जास्तीचं तांबं सोसत नाही. ते काळजात, म्हणजे यकृतात, साठत जातं आणि एक दिवस अचानक डोळे पिवळे, लघवी कॉफीसारखी, आणि दोन दिवसांत मेंढी जाते. धनगरवाड्यांवर शेळ्या-मेंढ्या एकत्रच असतात, म्हणून पिशवीवर कोणत्या जनावराचं मिश्रण आहे ते वाचायचं. मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, घरच्या घरी पाजायच्या भानगडीत तर पडूच नका.

सुबाभूळही केस घालवते. बांधाबांधाला लावलेली, दुष्काळात तारणारी, प्रथिनं भरपूर. पण तिच्या पानांत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, ते केसाच्या मुळाची वाढ थांबवतं. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या शेळीचे केस ओंजळीनं निघतात. पोटात त्याचं आणखी रूपांतर होऊन गळ्याची ग्रंथीही बिघडते. यामागची गोष्ट मजेशीर आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाऊन गुरं आजारी पडत, हवाईतल्या शेळ्यांना मात्र काही होत नसे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले आणि त्यांनाही सुबाभूळ पचायला लागली. त्या जंतूला पुढं १९९२ मध्ये त्यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सिआय असं नाव मिळालं. शेळीच्या पोटात माणसाच्या नावाचा जंतू! आपण एवढंच करायचं: सुबाभूळ हळूहळू वाढवायची, एकूण चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायची नाही. बंद केल्यावर केस परत येतात.

करडं जन्मताच बोडकी आणि गळ्याला गाठ असलेली झाली तर गाभण शेळीला आयोडीन कमी पडलं. अंग राठ, केस उभे आणि पापणीची आतली बाजू गुलाबीऐवजी पांढरी दिसली तर कातडीचं औषध ठेवून द्या, पोटातले जंत बघा.

आणि काही केस जायलाच असतात. थंडी सरताना अंग झडतं. व्याल्यावर किंवा मोठ्या तापातून उठल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी केस विरळ होतात, परत येतात. गुडघ्यावर घट्टे, दाव्यामुळं मानेला पट्टा. माजावरचा बोकड स्वतःच्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो, तिथले केस जळून जातात. त्याला ते अत्तर वाटतं, इलाज नाही.

नवीन जनावर आणलं की मी आता तीन आठवडे लांब, आंब्याखाली बांधतो. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात गेलो तर दात बघायच्या आधी कान उलटा करून बघतो. विकणारा वैतागतो, वैतागू दे. आणि खरडून तपासल्याशिवाय खरजेचं औषध सुरू करत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात ते होतं. जाता येत नसेल तर १९६२ वर फोन केला की फिरत्या पथकाची सोय आहे.

आक्कांनी मिश्रण सुरू केलं, शेळ्यांना प्यायला बोअरऐवजी नळाचं पाणी ठेवलं. पहिले दोन महिने काहीच दिसलं नाही, तेव्हा त्या मला रोज ऐकवायच्या. जुना तांबूस झालेला केस परत काळा होत नसतो, खालून नवा यावा लागतो. वैशाखात एका सकाळी त्यांनी परत हाक मारली, शेळीच्या बरगडीवरचे केस अंगठ्यानं फाकवून दाखवले. टोकं गंजलेली, मुळं काळीभोर.

"आता हिला काय म्हणायचं ओ," त्या म्हणाल्या, "निम्मी तुमची, निम्मी माझी?"